पावतीची मागली बाजू



आज व्याख्यानाला निघताना आम्ही खिशात हात घातला, तो हाताला एक चिटोरे लागले. पाहतो तो लाँड्रीची पावती. पुढल्या बाजूस आमचे नाव, कपड्यांची संख्या आणि कपडे परत मिळण्याचा वार. मागल्या बाजूस मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आठदहा अटी. अशा पावत्या आम्ही कित्येक वर्षे घेत आलो. मागली बाजू मात्र आज प्रथमच वाचली, आणि तीही या व्याख्यानाची तयारी करावयाची म्हणून! आपल्यापैकी कोणी ती वाचली आहे त्यांनी हात वर करावेत असे आम्ही म्हणणार नाही. कारण आमचाच हात वर येणार नाही.

आता प्रश्न असा की, न वाचलेल्या त्या अटींनी आपण बांधले जातो काय? प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण रेल्वेचे तिकीट, विम्याचा कागद, घराचा करार, बँकेचे कर्ज, हे सारे याच जातीचे कागद आहेत. दुसऱ्याने छापलेले, आणि आपण फक्त घ्यावयाचे. या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम आरंभी कायदेमंडळांनी केले नाही. ते न्यायालयांनी केले, आणि न्यायालयांनाही ते करावे लागले ते एखाद्या हरवलेल्या पिशवीसाठी वा गहाळ झालेल्या वस्त्रासाठी अडून बसलेल्या सामान्य माणसांमुळे. त्या माणसांचा आणि त्या निवाड्यांचा इतिहास आज आपणांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

करार म्हणजे दोन मनांचा मेळ, ही जुनी व्याख्या. मंडईत आपण वांगी घेतो तेव्हा ती खरी असते. भाव सांगितला जातो, घासाघीस होते, जमले तर पिशवी पुढे होते आणि न जमले तर पाय पुढल्या गाळ्याकडे वळतात. पण एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि दिवसाला हजारो गिऱ्हाइके एकाच खिडकीशी उभी राहू लागली. प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणी करणे अशक्य होते. म्हणून कंपनीने सर्वांसाठी एकच करार छापून ठेवला आणि तो तिकिटाच्या पाठीवर नेऊन बसविला. त्यात लबाडीपेक्षा सोय अधिक होती हे आपण मान्य केले पाहिजे. परंतु सोयीचा हा कागद लिहिताना लेखणी एकाच बाजूच्या हातात होती, आणि पुढल्या सर्व भांडणांचे मूळ तेथेच आहे.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवर पार्कर नावाच्या एका गृहस्थाने आपली पिशवी क्लोकरूममध्ये ठेवली, दोन पेन्स दिले आणि तिकीट घेतले. तिकिटावर 'मागे पाहा' असे छापले होते आणि मागे लिहिले होते की, दहा पौंडांहून अधिक किमतीच्या सामानाची जबाबदारी कंपनी घेत नाही. पिशवी हरवली. तिची किंमत पार्करने चोवीस पौंड दहा शिलिंग सांगितली. कंपनीने तिकिटाची पाठ दाखविली. गृहस्थ म्हणाले, ती आम्ही वाचलीच नाही. ते तिकीट म्हणजे पैसे दिल्याची खूण एवढेच आम्ही समजलो. १८७७ साली अपील न्यायालयाने ठरविले की, गिऱ्हाइकाने वाचले की नाही हा खरा प्रश्न नव्हे. अट त्याच्या ध्यानात यावी म्हणून कंपनीने पुरेसे, रास्त असे काही केले होते की नाही, हा खरा प्रश्न. त्या प्रश्नाच्या निर्णयासाठी खटला पुन्हा चालवावा असा हुकूम झाला. दोन पेन्सांच्या तिकिटातून निघालेली ही 'रास्त सूचने'ची कसोटी जेथे जेथे इंग्रजी कायदा गेला तेथे तेथे गेली.

छापील शब्द एका बाजूस बांधतो तर तो दुसऱ्या बाजूसही बांधलाच पाहिजे, हे पंधरा वर्षांनी दिसून आले. इन्फ्लुएंझाची साथ चालू असता लंडनच्या एका कंपनीने 'कार्बॉलिक स्मोक बॉल' नावाचे हुंगण्याचे औषध काढले, आणि १८९१ च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत जाहिरात दिली की, हे औषध सांगितल्याप्रमाणे रोज तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्यास इन्फ्लुएंझा होईल त्यास शंभर पौंड देऊ. भरवशासाठी एक हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी ते जवळजवळ दोन महिने नियमाने हुंगले, आणि तरी त्यांना इन्फ्लुएंझा झालाच! पैसे मागताच कंपनी म्हणू लागली की, ती नुसती व्यापारी बढाई होती. साऱ्या जगाशी करार थोडाच करता येतो? १८९२ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने सांगितले की, बँकेत पैसे ठेवल्याचे सांगणारा मनुष्य बढाई मारीत नसतो, वचन देत असतो. आणि अटी पाळून जो पुढे येईल त्याच्याशी करार पुरा होतो. बाईंना शंभर पौंड मिळाले.

परंतु पुढील पन्नास वर्षांत काटा कंपन्यांकडेच झुकत गेला. १९३० सालचा एक खटला पाहा. एका निरक्षर बाईसाठी तिच्या नातलगांनी रेल्वेच्या सहलीचे तिकीट काढले. किंमत दोन शिलिंग सात पेन्स. तिकिटावर 'मागे पाहा' आणि मागे 'अटी वेळापत्रकात पाहा'. ते वेळापत्रक सहा पेन्स देऊन विकत घ्यावयाचे, आणि त्यातली अट सापडावयाची ५५२ व्या पानावर! परतीच्या वेळी डबा फलाटापलीकडे उभा राहिला, बाई उतरताना पडल्या आणि दुखावल्या. ज्युरीने त्यांना भरपाई देऊ केली होती. पण न्यायालयाने ठरविले की, सूचना रास्त होती, आणि वाचता न येणे ही कंपनीची चूक नव्हे. तिकिटाच्या पंचमांश किंमत खर्च करून ५५२ पाने उलटावीत तेव्हा त्या बाईंस कळावयाचे की, आपल्या इजेस कोणी जबाबदार नाही. आणि वाचता तर मुळीच येत नव्हते. कसोटी शाबूत राहिली, तिच्यातला रास्तपणा मात्र गळून गेला.

चारच वर्षांनी आणखी एक गाठ बसली. वेल्समधील लँडडनो गावी उपाहारगृह चालविणाऱ्या एका बाईने सिगारेट विकणारे स्वयंचलित यंत्र घेतले आणि विक्रेत्याच्या तपकिरी कागदावर सही केली. यंत्र थोड्याच दिवसांत अडकले व निरुपयोगी झाले. कागदावर अगदी बारीक अक्षरांत लिहिले होते की, लेखी नसलेली कोणतीही हमी धरली जाणार नाही. १९३४ साली न्यायालयाने सांगितले की, सही केली, तेथे प्रश्न संपला. वाचले होते की नाही हे पाहण्याचे कारण नाही. ती बाई स्वतः दुकानदार होती हे खरे. पण तिच्या खटल्याची गाठ साऱ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात पडली. या खटल्यात विक्रेत्याच्या बाजूने उभा राहून तो जिंकणारा तरुण वकील कोण होता? त्याचे नाव आल्फ्रेड डेनिंग. हे नाव लक्षात असू द्यावे.

कारण हाच डेनिंग पुढे न्यायाधीश झाला. १९५६ साली त्याने एका निवाड्यात लिहिले की, काही अटी इतक्या अवाजवी असतात की, त्या तांबड्या शाईने छापून त्यांच्याकडे बोट दाखविणारा तांबडा हात काढावा, तेव्हा कोठे सूचना पुरेशी होईल. आणि १९७० च्या डिसेंबरात त्याच्यापुढे लंडनच्या शू लेनमधील मोटारी ठेवण्याच्या जागेचा खटला आला. तेथे दाराशी यंत्र होते. मोटार आली की दिवा बदलावयाचा आणि यंत्रातून तिकीट बाहेर यावयाचे. तिकिटावर बारीक अक्षरांत 'आत लावलेल्या अटींस अधीन' असे होते, आणि आतल्या पाटीवर शारीरिक इजेचीही जबाबदारी नाकारलेली होती. एक ट्रम्पेटवादक तेथे जखमी झाला. डेनिंगने म्हटले की, यंत्रापुढे उभा असलेला माणूस तिकीट नाकारू शकत नाही, त्याच्याशी वाद घालू शकत नाही. यंत्राला शिव्या दिल्या तरी ते हलणार नाही. पैसे देण्याचे बंधन पडले तेथेच करार पुरा झाला, मागाहून आलेल्या अटींना त्यात जागा नाही. वकील म्हणून जी गाठ त्याने मारली होती ती न्यायाधीश म्हणून त्याने सैल केली. सहीचा नियम मात्र त्यालाही तोडता आला नाही. त्यासाठी १९७७ साली पार्लमेंटला अन्याय्य अटींचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

इंग्लंडात प्रश्न 'सांगितले होते काय?' येथे अडकला असता, इतरत्र दुसरा प्रश्न उठत होता. १९०१ साली फ्रान्समध्ये रेमों सालेय या पंडिताने अशा छापील करारांस नवे नाव दिले. त्याचा भावार्थ 'सामील होण्याचा करार' असा आहे. येथे बोलणी नसतात. एकाने मांडलेल्या ताटावर दुसऱ्याने बसावयाचे किंवा उपाशी उठावयाचे. ही कल्पना अमेरिकेत गेली. हिटलरच्या जर्मनीतून निघून तेथे गेलेल्या फ्रीडरिख केस्लर या प्राध्यापकाने १९४३ साली तिच्यावर एक निबंध लिहिला, आणि कराराचे स्वातंत्र्य बलवानाच्या हाती गेले म्हणजे दुर्बलांवर हुकमत गाजविण्याचे साधन कसे बनते ते दाखविले.

न्यायालयांत ती कल्पना पुढे आली ती एका मोटारीमुळे. १९५५ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतील एका गृहस्थाने मातृदिनाची भेट म्हणून पत्नीसाठी नवी मोटार घेतली. दहाबारा दिवसांतच चाक एकाएकी वळले, मोटार भिंतीवर आदळली आणि बाई जखमी झाल्या. विक्रीपत्राच्या मागे बारीक अक्षरांत अट होती. नव्वद दिवस किंवा चार हजार मैलांच्या आत सदोष भाग बदलून देऊ. याखेरीज कसलीही हमी नाही. हीच अट त्या देशातील बहुतेक साऱ्या मोटार कारखान्यांनी एकमेकांच्या संमतीने स्वीकारलेली होती. म्हणजे ही मोटार नको म्हणून दुसऱ्या दुकानात गेले तरी अट तीच! १९६० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरविली. जेथे नकार देऊन जावयास दुसरी जागा नाही तेथे सहीला संमती म्हणता येत नाही, हा त्या निवाड्याचा गाभा होय. येथे प्रश्न बदलला. 'सांगितले होते काय?' याच्या जागी 'नाही म्हणता येत होते काय?' हा प्रश्न आला.

पाच वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये हाच प्रश्न अधिक करुण रूपात उभा राहिला. सात मुलांची एक आई एका फर्निचरच्या दुकानातून वर्षानुवर्षे हप्त्याने वस्तू घेत असे. करारात अशी मेख होती की, शेवटची दमडी फिटेपर्यंत आधी घेतलेली एकही वस्तू पुरती तिची होऊ नये. १९६२ साली तिने ५१४ डॉलर ९५ सेंटचा स्टिरिओ घेतला. हप्ते थकले, आणि दुकानदार पाच वर्षांतल्या साऱ्या वस्तू उचलून न्यावयास निघाला. तिला सरकारकडून महिना २१८ डॉलर मिळत, हे दुकानदाराला ठाऊक होते, कारण ते त्याने त्या कराराच्याच मागल्या बाजूस लिहून ठेवले होते! १९६५ साली न्यायाधीश स्केली राइट यांनी सांगितले की, निवडीला जागा नाही आणि अटी एका बाजूस अवाजवी लाभ देणाऱ्या आहेत, अशा ठिकाणी न्यायालयाने तो करार अमलात आणू नये. आणि त्या दृष्टीने चौकशी करण्यासाठी त्यांनी खटला परत पाठविला.

जर्मनीने तिसरी वाट धरली. तिच्या १९०० साली अमलात आलेल्या दिवाणी संहितेत एक कलम आहे, की कराराचे पालन विश्वासाने व सचोटीने व्हावे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील वरिष्ठ न्यायालयाने या एका वाक्याच्या आधारे छापील अटी एकामागून एक तपासल्या. वीस वर्षांत निवाड्यांचा एवढा संच झाला की, १९७६ साली कायदेमंडळाने तोच कलमवार मांडून कायदा केला. आणि १९९३ साली युरोपातील राष्ट्रांच्या संघाने अन्याय्य अटींविषयी निर्देश काढला, तो अनेक देशांत घरोघर पोचला. बार्सिलोनातील विक्रेते हप्त्याने ज्ञानकोश विकीत आणि भांडण झाल्यास ते बार्सिलोनाच्याच न्यायालयात चालेल असे छापून ठेवीत. दूर राहणारे गिऱ्हाईक तेथे कसे यावयाचे? २००० साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले की, गिऱ्हाइकाने हरकत घेतली नाही तरी न्यायाधीश अशी अट आपण होऊन तपासू शकतो. जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी न्यायाधीशाने बोलावे, येथपर्यंत ही मजल गेली.

आता आपण घरी येऊ. आपला करारविषयक कायदा १८७२ सालचा, म्हणजे पार्करच्या पिशवीपेक्षाही जुना. त्याच्या २३ व्या कलमात सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्द होय, असे शब्द आरंभापासून आहेत. पण पोथीतला मंत्र आपण होऊन कामास येत नाही. तो म्हणणारा कोणी लागतो. मद्रासेत लाँड्रीत दिलेले एक वस्त्र हरवले. पावतीच्या मागे भरपाईची मर्यादा किमतीच्या काही भागापुरती घातली होती. मद्रास उच्च न्यायालयाने ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरविली. तो निवाडा १९६६ च्या निर्णयसंग्रहात आहे. अशीच अट आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढेही आली. ग्राहकाची सही नसलेली, त्याच्या नजरेस न आणलेली अट केवळ मागे छापली म्हणून त्याला बांधीत नाही, असा त्याचा निवाडा १९९५ च्या संग्रहात छापलेला आहे. आमच्या खिशातल्या पावतीला तो पुरेसा लागू पडतो!

१९८४ साली आपल्या विधि आयोगाने १०३ व्या अहवालात करार-कायद्यात अन्याय्य अटींविषयी नवे कलम घालण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. पण दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ते काम आपल्यापरीने केले. कलकत्त्याच्या एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नियमात असे होते की, तीन महिन्यांची सूचना देऊन कायम नोकरासही काढून टाकावे. ६ एप्रिल १९८६ रोजी ती अट रद्द झाली. निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती दिनशा मदन हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. त्यांनी इंग्लंड, अमेरिका आणि पश्चिम जर्मनी या तिन्ही देशांचा कायदा समोर घेतला आणि नियम सांगितला की, सौद्याची ताकद विषम असता दुर्बलावर लादलेली अन्याय्य अट न्यायालय अमलात आणणार नाही. मात्र दोघेही तुल्यबळ व्यापारी असतील तेथे हा नियम लागणार नाही. खटला नोकरीचा होता. पण छापील नमुन्यावर सही करण्याखेरीज ज्याला गत्यंतर नाही तो प्रत्येक माणूस त्या नियमात आला.

त्याचे फळ २०१९ च्या एप्रिलात दिसले. गुरुग्राममधील एका सदनिकेच्या करारात लिहिले होते की, ग्राहकाचा हप्ता चुकल्यास त्याने शेकडा १८ व्याज द्यावे. आणि बांधणाऱ्याने ग्राहकास पैसे परत करावयाचे झाल्यास त्याने शेकडा ९! दोन तराजू, दोन मापे. सर्वोच्च न्यायालयाने ती अट ग्राहकावर बंधनकारक नाही असे ठरवून व्याजासह पैसे परत देण्याचा निर्णय कायम केला. त्याच वर्षी झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही व्याख्या प्रथमच आली. तेथेही न्यायालये पुढे आणि कायदा मागे, असेच घडले. आणि त्या कायद्यातही एक अडचण राहून गेली आहे. अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येत नाही. राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोगच गाठावा लागतो. बार्सिलोनाच्या गिऱ्हाइकाची अडचण आपल्याकडे अशी वेगळ्या दाराने आत आली.

हा इतिहास सतत पुढेच जातो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. अमेरिकेत एका कंपनीने टेलिफोन फुकट म्हणून दिला आणि त्यावर ३० डॉलर २२ सेंट कर लावला. करारात असे होते की, भांडण झाल्यास प्रत्येकाने एकेकट्याने लवादाकडे जावे, अनेकांनी मिळून दावा आणू नये. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनी अशा अटी जाचक ठरविल्या होत्या. परंतु २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, १९२५ च्या लवाद कायद्यापुढे कॅलिफोर्नियाचा तो नियम टिकत नाही. तीस डॉलरांसाठी एकटा कोण जाणार? ज्या देशाने 'नाही म्हणता येत होते काय?' हा प्रश्न विचारला, त्यानेच तो विचारण्याचा दरवाजा अरुंद केला. न्यायालयाने दिलेले न्यायालय परत घेऊ शकते. म्हणूनच निवाड्याच्या पाठीशी कायदा हवा, आणि कायद्याच्या पाठीशी जागी माणसे हवीत.

श्रोतेहो, दीडशे वर्षांत प्रश्न तीन पायऱ्या चढला. सांगितले होते काय? नाही म्हणता येत होते काय? आणि जे लिहिले ते न्याय्य आहे काय? प्रत्येक पायरी कोणा ना कोणा हट्टी माणसाने बांधली, आणि बहुधा त्याच्या मागणीहून वकिलाचे बिल मोठे झाले असेल. त्यांतले काही हरले. ५५२ व्या पानावर हरलेल्या त्या निरक्षर बाईंची हार पाहूनच पुढल्या पिढीला रास्तपणाची खरी चाड वाटू लागली, असे आम्ही समजतो.

आता पावतीची जागा हातातल्या दूरध्वनीने घेतली आहे, आणि मागल्या बाजूची जागा 'मान्य आहे' या एका चौकटीने. तिच्यामागे पाने किती याची गणती कोणी करीत नाही. ती सारी वाचा असा उपदेश आम्ही करणार नाही. आम्ही स्वतः वाचीत नाही. आम्ही एवढेच सांगतो की, पावती फेकू नका. आणि काही बिनसले, समोरच्याने मागल्या बाजूवर बोट ठेवले, तर मान खाली घालून परत फिरू नका. छापले आहे एवढ्याने ते खरे होत नाही, आणि सही आहे एवढ्याने ते न्याय्य होत नाही. हे आज आपण म्हणू शकतो, कारण आपल्याआधी कोणी दोन पेन्सांचे तिकीट हातात घेऊन कोर्टाची पायरी चढला होता.